काचेच्या बशीतील मेंदू

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर येत होतो, तेव्हा दाराशी आमच्या धर्मग्रामातील एक माउली उभी असलेली दिसली. सोबत तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. जन्मतःच त्याचे डोके लहान. डॉक्टर ह्या विकाराला मायक्रोसेफली म्हणतात. तो आधाराने चालतो, तीन-चार शब्द बोलतो आणि मिस्सेत घंटा वाजली की टाळ्या पिटतो. माउलीच्या हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. प्रयोगशाळेत मानवी मेंदू वाढविल्याची ती बातमी होती. कात्रण आमच्यापुढे धरून तिने विचारले, "फादर, ह्यातला एक माझ्या पोराला बसवता येईल का हो?"

आम्ही काय उत्तर दिले? जे आमच्या तोंडी नेहमीचे आहे तेच: देव दयाळू आहे, प्रार्थना करीत राहा. ती मान डोलावून निघून गेली. परंतु त्या रात्री आम्हांस स्वस्थ झोप लागली नाही. तिने सांत्वन मागितले नव्हते. तिने एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. तेव्हा धर्मग्रामातील एका डॉक्टरांच्या साहाय्याने आम्ही ह्या विषयाचे वाचन आरंभिले. पुढे लिहीत आहोत ते त्या वाचनाचे फलित होय.

मेंदूविषयीचे अज्ञान मोकळेपणाने कबूल करणाऱ्यांत एका बिशपांचे नाव येते, हे ऐकून आमच्या वाचकांना बरे वाटेल. डेन्मार्कमध्ये जन्मलेले नील्स स्टेन्सेन हे सतराव्या शतकातील नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ. १६६५ साली पॅरिस येथे विद्वानांपुढे मेंदूवर व्याख्यान देताना, ह्या अवयवाविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही, अशी कबुली देऊनच त्यांनी प्रारंभ केला. पुढे १६६७ साली ते कॅथलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

त्यांच्या त्या कबुलीनंतर दोनशे वर्षे उलटली तरी मेंदूचे आतील विणकाम नेमके कसे असते, हे कोणासही दिसले नव्हते. १८७३ साली इटलीतील कामिल्लो गॉल्जी ह्या डॉक्टरांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभारलेल्या छोट्या प्रयोगशाळेत चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगविण्याची युक्ती शोधून काढली. त्या रंगाने हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होत. परंतु ज्या होत त्या शाखा-मुळांसह संपूर्ण दिसत. हीच युक्ती सुधारून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल ह्यांनी दाखवून दिले की मेंदू म्हणजे एकसंध जाळे नसून तो स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे. गॉल्जींना हे मान्य नव्हते. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले, आणि आपल्या व्याख्यानात गॉल्जींनी काहालांच्या सिद्धांतावरच टीका केली! एकाच व्यासपीठावरील दोन पाहुण्यांनी एकमेकांचे म्हणणे खोडून काढावे, तसा तो प्रसंग होता.

हा वाद मिटत नव्हता ह्याचे कारण उघड आहे. दोघेही पाहत होते ते मृत मेंदूचे काप. मज्जातंतू पेशीतूनच फुटून वाढतो की आजूबाजूच्या द्रव्यातून सांधत जातो, हे मृत कापावरून कोण सांगणार? त्यासाठी जिवंत तंतू वाढताना पाहायला हवा होता.

ते १९०७ साली घडले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन ह्यांनी बेडकाच्या भ्रूणातून, ज्यातून पुढे मज्जासंस्था तयार होते त्या भागाचा कण काढला. बेडकाच्याच लसिकेच्या एका थेंबात तो ठेवला. मग ती पातळ काच उलटी करून, मध्ये खळगा असलेल्या दुसऱ्या काचेवर बसवली व कडा मेणाने बंद केल्या. थेंब खाली लटकत राहिला, आणि सूक्ष्मदर्शकातून हॅरिसन ह्यांना दिसले की पेशीतून एक तंतू बाहेर पडत आहे. त्याचे टोक चाचपडत, हालचाल करीत पुढे सरकत आहे. काहालांचे म्हणणे खरे ठरले. शरीराबाहेर प्राण्याची ऊती, म्हणजे पेशींचे विणकाम, जिवंत ठेवून तिची वाढ पाहण्याच्या शास्त्राचा पाया त्या लटकत्या थेंबात घातला गेला. टिश्यू कल्चर हा शब्द आज आपल्या केळीच्या बागायतदारांच्याही ओळखीचा आहे. वनस्पतीचे तंत्र वेगळे असले, तरी जिवंत कण वेगळा काढून पोसावयाचा, ही कल्पना तीच.

हॅरिसन ह्यांची पद्धत लवकरच अलेक्सी कारेल ह्यांनी उचलली. हे फ्रेंच शल्यविशारद आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित असतील. १९०२ साली आजारी यात्रेकरूंच्या गाडीतून ते लूर्दला गेले होते, आणि मरणपंथाला लागलेली एक रुग्ण तेथे बरी होताना त्यांनी पाहिली होती. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा एक तुकडा काचपात्रात वाढविण्यास घेतला. तो १९४६ पर्यंत, म्हणजे खुद्द कारेल ह्यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, सांभाळण्यात आला. पेशी अमर आहेत, असे जगाने मानले. परंतु १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड ह्यांनी दाखविले की काचपात्रातील सामान्य मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. कारेल ह्यांचा दावा टिकला नाही. आम्हांला मात्र त्यांच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट अधिक बोचते. कोंबडीच्या पेशींची इतकी निगा राखणाऱ्या ह्या माणसाने १९३५ साली लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात काही गुन्हेगारांना व गुन्हा केलेल्या मनोरुग्णांना वायूने संपविण्याचा पुरस्कार केला. ऊतीवर प्रेम करणारा माणूस माणसाला विसरू शकतो, हे ह्या इतिहासातून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच सुमारास इटलीत ह्याच्या अगदी उलट उदाहरण घडत होते. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तुरिनच्या ज्यू कुटुंबातील तरुण डॉक्टर. १९३८ साली मुसोलिनीच्या वांशिक कायद्यांनी तिच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने आपल्या शयनगृहातच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून तिने हत्यारे बनविली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर मज्जातंतूंची वाढ अभ्यासली. बाँबवर्षाव वाढला तेव्हा कुटुंबासह खेड्यात जाऊन तिने तेथेही काम चालू ठेवले. युद्धानंतर १९४७ साली व्हिक्टर हॅम्बर्गर ह्यांच्या निमंत्रणावरून ती अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेली. काही ट्यूमरजवळ मज्जातंतू झपाट्याने वाढतात, हे तेथे तिच्या ध्यानात आले. परंतु त्याचे कारण शोधण्यासाठी तिला हॅरिसन ह्यांच्या थेंबाकडेच वळावे लागले. ते कसब अवगत असलेली तिची जुनी सहकारी हेर्टा मायर तेव्हा ब्राझीलमध्ये होती. तीही नाझी जर्मनीतून परागंदा झालेली. १९५२ साली ट्यूमर असलेले दोन उंदीर जवळ बाळगून रिटा विमानाने रिओ दि जानेरो येथे गेली. थेंबात ट्यूमरचा कण ठेवताच शेजारच्या मज्जापेशींच्या पुंजक्यातून चहूबाजूंनी तंतू फुटले. संतांच्या चित्रात मस्तकाभोवती तेजोवलय असते तसे! मज्जातंतूंना वाढीस लावणारे एक द्रव्य ट्यूमरमधून पाझरत होते. ते वेगळे काढण्याचे काम स्टॅन्ली कोहेन ह्यांच्या साथीने पूर्ण झाले, आणि १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक लाभले.

रिओतील ती संस्था कार्लोस शागस फिल्यो ह्यांनी स्थापिली होती. हेच गृहस्थ पुढे १९७२ ते १९८८ पर्यंत व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९७४ साली रिटाबाई त्या अकादमीच्या सदस्य झाल्या. हा योगायोग आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत. कारण ख्रिस्तसभा व प्रयोगशाळा ह्यांची भेट केवळ न्यायासनापुढेच होते, असा समज आपल्याही घरांतून आढळतो.

येथवर मज्जापेशींना तंतू फुटत होते. नवीन मज्जापेशी मात्र निर्माण होत नव्हत्या. पूर्ण वाढलेली मज्जापेशी विभागत नाही. तिचे पीक घ्यावयाचे, तर ती ज्या बीजापासून होते ते बीज हाती यावयास हवे. ह्या बीजाला मूलपेशी म्हणतात. १९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन ह्यांनी मानवी भ्रूणापासून अशा मूलपेशी मिळविल्या. पण त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागला. ख्रिस्तसभेने ह्याला ठाम नकार दिला आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवाला व्यक्ती म्हणून मान दिला पाहिजे, ही शिकवण १९८७ व २००८ सालच्या रोमच्या दस्तऐवजांत स्पष्ट आहे. प्रौढांच्या शरीरातून किंवा जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून घेतलेल्या मूलपेशींना मात्र तिने कधी हरकत घेतलेली नाही. पुष्कळांना त्या वेळी वाटले की ही अडवणूक आहे, रुग्णांच्या वाटेतील धोंड आहे.

परंतु वाट दुसरीकडून निघाली. जपानमधील क्योटो येथील शिन्या यामानाका ह्यांनी एका मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकातून मानवी भ्रूण पाहिला, आणि हा भ्रूण व आपल्या मुली ह्यांत फारसा फरक नाही, असे त्यांच्या मनात आले. भ्रूण न मोडता मूलपेशी मिळविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींमध्ये केवळ चार जनुके घालून त्यांनी त्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे केले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या माणसाने आपल्या मुलींची आठवण ठेवली, त्याच्याच हातून ही वाट खुली व्हावी, हे आम्हांला विशेष वाटते.

बीज मिळाले; आता पीक. जपानमधील कोबे येथे योशिकी सासाई ह्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मूलपेशींना योग्य द्रवात मोकळे सोडले, तर त्या स्वतःच रचना करू लागतात. २०११ साली त्यांनी उंदराच्या मूलपेशींपासून डोळ्याच्या आरंभीच्या वाटीसारखी रचना तयार झालेली दाखविली. कोणी आराखडा दिला नव्हता; आराखडा पेशींतच होता. त्यानंतर व्हिएन्ना येथे युर्गेन क्नोब्लिख ह्यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर ह्या तरुण संशोधिकेने मानवी मूलपेशींचे गोळे उंदराच्या ट्यूमरपासून काढलेल्या जेलीसारख्या पदार्थात ठेवून, द्रव सतत ढवळत राहील अशा पात्रात वाढविले. २०१३ साली तिचे काम प्रसिद्ध झाले. सुमारे महिनाभरात त्या गोळ्यांत गर्भाच्या मेंदूतील काही भागांसारखे भाग दिसू लागले. ह्यांना शास्त्रज्ञ ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी वस्तू, असे म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्याचेच 'मेंदू' केले. त्या कामात भ्रूणापासूनच्या पेशीही वापरल्या होत्या, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्याचा गाभा होता तो एका रुग्णाच्या त्वचेतून, यामानाका ह्यांच्या वाटेने, मिळविलेल्या पेशींचा.

आणि वाचकहो, त्या रुग्णाचा विकार होता मायक्रोसेफली. आमच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाचाच विकार. हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले.

उंदरामध्ये हा विकार नीट उतरत नव्हता, कारण उंदराचा मेंदू माणसासारखा वाढत नाही. रुग्णाच्या पेशींपासून वाढविलेले गोळे मात्र निरोगी माणसाच्या गोळ्यांहून लहान राहिले, आणि का राहिले, तेही दिसले. शेतकरी बियाण्यासाठी भात राखून ठेवतो. तेच भात आधी कांडून खाल्ले, तर पुढच्या वर्षी शेत रिकामे राहते. तसेच येथे घडत होते. ज्या पेशींनी अजून पुष्कळ काळ विभागत राहून साठा वाढवावयाचा, त्या वेळेआधीच मज्जापेशी होऊन बसत होत्या. बियाणेच संपले, मेंदू लहान राहिला. आईने काय खाल्ले, कोणत्या ग्रहणात ती बाहेर पडली, कोणाची दृष्ट लागली, ह्यांपैकी कशाचाही ह्याच्याशी संबंध नव्हता. एका जनुकातील दोष हे त्या रुग्णापुरते कारण होते.

दोनच वर्षांनी ह्या ज्ञानाची कसोटी लागली. २०१५ साली ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूवर संशय होता, पण पुरावा हवा होता. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी रिओ दि जानेरो येथे पात्रिसिया गार्सेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या अशा गोळ्यांवर झिकाचा प्रयोग केला. पेशी मरू लागल्या, वाढ खुंटली. तुलनेसाठी घेतलेल्या डेंग्यूच्या विषाणूने तसे घडले नाही. जेथे रिटाबाई उंदीर घेऊन उतरल्या होत्या, त्याच शहरात ही गोष्ट सिद्ध होण्यास मदत झाली. बाल्टिमोरच्या ज्या विद्यापीठात हॅरिसन ह्यांचा थेंब लटकला होता, तेथूनही त्याच वर्षी असाच पुरावा पुढे आला. झिका आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला, आणि २०२४ साली पुण्यात आढळलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रियाही होत्या. तेव्हा आपल्या अंगणातील पाण्याची डबकी बुजविणे हेदेखील गर्भातील बालकाचे रक्षणच होय.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. असा मेंदू मुलाला बसवता येईल का? ह्याचे सरळ उत्तर, नाही. व्हिएन्नातील तो गोळा फार तर चार मिलिमीटरचा, मसुरीच्या दाण्याएवढा. त्याला रक्तवाहिन्या नव्हत्या; म्हणून तो मोठा होऊ लागला की आतून मरत असे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यांची जुळणी डोळे, कान, हात, आईचा आवाज ह्यांच्याशी वर्षानुवर्षे होत आलेली असते. त्या मुलाला घंटेचा आनंद होतो तो ह्याच मेंदूमुळे. तो काढून दुसरा बसविला, तर घंटा ऐकून टाळ्या पिटणारा तो उरेल का?

दुसरा प्रश्न आमच्या काही वृद्ध सभासदांनी विचारला: हा देवाशी चाललेला खेळ नव्हे काय? त्या गोळ्यात जीव आहे का, त्याला दुखते का? सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस ह्यांनी शिकविले की आत्मा हा एखाद्या अवयवात बसलेला पाहुणा नसून संपूर्ण देहाचे रूपतत्त्व आहे. मेंदू म्हणजे माणूस नव्हे. माणसाला मेंदू आहे. कापलेला हात जसा माणूस नव्हे, तशी बशीतील ऊतीही नव्हे. तथापि एवढ्यावर हात झटकून मोकळे होणे आम्हांला रास्त वाटत नाही. २०१९ साली कॅलिफोर्नियात काही महिने वाढविलेल्या गोळ्यांत विजेच्या अशा लहरी दिसल्या, की ज्यांचे अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदूलहरींशी काही साम्य होते. २०२२ साली स्टॅनफर्डमध्ये मानवी गोळे उंदरांच्या पिलांच्या मेंदूत रुजविण्यात आले, आणि त्याच वर्षी मेलबर्नमध्ये बशीतील मज्जापेशींना संगणकावरील चेंडूचा एक साधा खेळ शिकविल्याचे प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका समितीने २०२१ साली असा निर्वाळा दिला की ह्या गोळ्यांत जाणीव असल्याचा पुरावा नाही. मात्र ती अधिक गुंतागुंतीची होत जातील तसतसा हा प्रश्न पुन्हा तपासावा लागेल. हे सावधपण आम्हांला योग्य वाटते. ज्या पेशी घेतल्या त्या कोणाच्या, त्याला विचारले का, कोणत्या कामासाठी घेतल्या, हे विचारीत राहणे हे आपल्यासारख्या सामान्य श्रद्धावंतांचेही काम आहे.

हा सगळा इतिहास मनात घेऊन एका सायंकाळी आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. तिला सांगितले, "बाय, तसा मेंदू बसवता येत नाही, पुढे कधी येईल असे म्हणून तुला झुलवणार नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग आम्ही तिला व्हिएन्नाची हकीकत सांगितली. तिच्या मुलासारख्याच एका रुग्णाच्या त्वचेच्या कणातून जगाला काय कळले तेही सांगितले. बियाण्याचे उदाहरण तिला लगेच उमगले. तिने हळूच विचारले, "मग फादर, माझ्या हातून काही चुकलं नव्हतं ना?" नऊ वर्षे ती हा प्रश्न मनात बाळगून होती. शेजारपाजारच्या बोलण्यातून तो तिला मिळाला होता, आणि आम्ही नऊ वर्षे दर रविवारी तिच्या हाती प्रभुशरीर देत असूनही तो ओळखला नव्हता. "नाही," आम्ही म्हणालो. "काही चुकलं नव्हतं." तिने पदराने डोळे पुसले आणि आमच्यासाठी चहा ठेवण्यास ती उठली.

तिच्या मुलाच्या विकाराचे नेमके कारण डॉक्टरांनी अद्याप सांगितलेले नाही. त्यासाठी जनुकांची तपासणी करावी लागते, आणि त्याची व्यवस्था आता धर्मग्रामातील ते डॉक्टर पाहत आहेत. आमची वाचकांना एवढीच विनंती आहे: आपल्या आळीत असे मूल असलेले घर असेल, तर त्या घराची पायरी चढा. आईला दोष लागेल असा शब्द बोलू नका. कोणी बोलत असेल, तर त्याला थांबवा. आणि मिस्सेत घंटा वाजल्यावर एखादे मूल टाळ्या पिटू लागले, तर मागे वळून त्याच्याकडे रागाने पाहू नका.